बाणाईचा रविवार

नियम असा होता, की मुलांवर कसलाही प्रयोग करायचा तर तो तपासणाऱ्या समितीत एक तरी माणूस असं हवं, ज्याला विज्ञानातलं काही कळत नाही. कायद्यात अर्थातच असं लिहिलेलं नव्हतं. तिथे ‘सामान्य नागरिक सदस्य’ असे भारदस्त शब्द होते. पण पहिल्याच बैठकीत शिपायाने सगळ्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत चहाचे कप दिले आणि कालिंदी शेंडेपाशी येऊन विचारलं, की तुम्ही कुणाबरोबर आलात. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ तिला नीट समजला.

फलटणच्या बाजारपेठेत तिचं शिवणाचं दुकान होतं. शहराबाहेरच्या माळावर मेंढपाळांच्या मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथले गणवेश तिच्याकडे शिवले जायचे. आधीचे नागरिक सदस्य लेकाकडे परदेशी गेले, जागा रिकामी झाली आणि वसतिगृहाचे रेक्टर जगदाळे सर यांनी तिचं नाव सुचवलं. शेंडेताई समजूतदार आहेत, असं ते म्हणाले होते. सरांच्या भाषेत समजूतदार म्हणजे काय, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

प्रकल्पाचं नाव होतं ‘सुप्तबोध’. पुण्यातल्या एका संस्थेच्या डॉक्टर शाल्मली बोंद्रे तो चालवत होत्या. बाई चाळिशीच्या आतल्या, साध्या सुती कुडत्यातल्या, बोलायला लाघवी. त्यांनी कालिंदीला वेगळं बसवून सगळं समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर इतकं सोपं करून तिला शाळेतही कुणी काही सांगितलं नव्हतं.

दिवसभर आपण जे पाहतो, ऐकतो ते मेंदू आधी एका छोट्या कप्प्यात तात्पुरतं ठेवतो. रात्री गाढ झोप लागली, की मेंदूत संथ लाटा उठतात. त्या लाटांवर दिवसाच्या आठवणींची पुन्हा उजळणी होते आणि त्यातल्या काही कायमच्या कोठारात जातात. बाकीच्या सकाळपर्यंत विरून जातात. कुठल्या टिकायच्या आणि कुठल्या विरायच्या, हे आजवर मेंदू आपलं आपण ठरवत आला. बोंद्रेबाईंनी त्यात हात घातला होता. वर्गात गणित चालू असताना मागे अगदी हलका टिकटिक असा आवाज वाजे, भूगोलाला पाण्याच्या थेंबांचा, इंग्रजीला घंटेचा. रात्री मुली कपाळाला मऊ पट्टी बांधून झोपत. ती पट्टी मेंदूतल्या लाटा मोजी आणि लाट अगदी माथ्यावर आली, की तोच टिकटिक आवाज कानाशी कुजबुजे. झोपलेल्या मेंदूला वाटे, गणिताचा पुकारा झाला. तो गणित उचले आणि कोठारात नेऊन ठेवी. मुलींनी त्या पट्टीचं नाव ‘झोपमास्तर’ ठेवलं होतं.

निकाल डोळे दिपवणारे होते. पाढ्यांत अडखळणाऱ्या मुली अपूर्णांक सोडवू लागल्या होत्या. आता समितीने मुदत वाढवून दिली, की राज्यातल्या सगळ्या वसतिगृहांत झोपमास्तर जाणार होता.

कालिंदीने एकच विचारलं. कोठारात गणित जास्त मावतं, तर त्याच्या जागी काय मावत नाही? कापड तेवढंच असलं, बाही लांब केली तर ते कुठून तरी येणारच ना.

तिला वाटलं होतं, बाई चपापतील. त्या मुळीच चपापल्या नाहीत. “बरोबर प्रश्न आहे,” म्हणाल्या. “काही बिनमहत्त्वाच्या आठवणी कमी टिकतात. ते आम्ही धरलेलंच आहे.”

“बिनमहत्त्वाच्या म्हणजे?”

“ज्यांना आवाज लावलेला नाही, त्या.”

मग सगळ्यांना संमतीची चित्रफीत दाखवली. वसतिगृहाच्या सभागृहात मुली रांगांनी मांडी घालून बसल्या आहेत. बोंद्रेबाई हसून विचारतात, मुलींनो, तुम्हाला या नव्या अभ्यासात भाग घ्यायला आवडेल ना? आणि सगळ्या मुली एका सुरात, शेवट ओढून, “होऽऽ मॅडम.” समितीचे अध्यक्ष प्राध्यापक केळसकर खुशीत म्हणाले, काय उत्साह आहे पोरींचा. आईबाप वर्षातले आठ महिने मेंढरांमागे कोकणात नाहीतर घाटावर, म्हणून पालकांच्या वतीने जगदाळे सरांनी मान्यता दिली होती. सगळं कायदेशीर होतं.

---

सहीआधी एकदा बघून यावं, म्हणून कालिंदी एका रविवारी वसतिगृहात गेली. जगदाळे सरांनी तिला जेवणाच्या खोलीत नेलं. मुली ताटं घेऊन बसल्या होत्या.

“काय पोरींनो, जेवण छान आहे ना?”

“होऽऽ सर.”

“कुणाला काही त्रास?”

“नाहीऽऽ सर.”

दुसऱ्या रांगेत एका मुलीच्या मनगटावर भाजल्याचा ताजा फोड होता. तीही सगळ्यांबरोबर मान डोलवत ‘नाहीऽऽ सर’ म्हणाली. कालिंदी तिच्याकडे बघतच राहिली. सरांच्या आवाजात उत्तर आधीच भरलेलं होतं. मुलींनी फक्त त्याला चाल लावली होती.

रविवार हा फोनचा दिवस. व्हरांड्यात चंद्रामावशी, म्हणजे तिथल्या काळजीवाहक, टेबलावर आवाज मोठा केलेला फोन ठेवून एकेकीला बोलवत होत्या. आईबाप ज्या डोंगरावर असतील तिथून रेंज मिळेल तसे बोलत. कालिंदी बाकावर बसून ऐकत होती. कुणाची शेळी व्यायली होती, कुणाच्या भावाला दात आला होता. मग दहा वर्षांची एक किडकिडीत मुलगी आली, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. बाणाई मदने. तिने फोन कानाला लावला आणि म्हणाली, “आये, आज्याला दे की फोन. लई दिस झालं, बोललाच न्हाई त्यो.”

पलीकडे मेंढरांच्या घंटा तेवढ्या किणकिणत होत्या. मग आईचा, सारिकाचा आवाज आला, अगदी थकलेला. “बाणे, आजा न्हाय गं आता. गेला त्यो.”

मुलीच्या हातातून फोन गळाला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने असा हंबरडा फोडला, की रांगेतल्या बाकीच्या मुली गप्प झाल्या. तिला त्या आज्याने वाढवलं होतं. नावही त्यानेच ठेवलं होतं, खंडोबाच्या बाणाईवरून.

कालिंदीने तिला पोटाशी धरलं. मग चंद्रामावशींकडे बघितलं, तर त्या पदराने डोळे पुसत दुसरीकडे बघत होत्या.

“कधी गेले?”

“दोन महिनं झालं असतील,” मावशी पुटपुटल्या. “दर रविवारी असंच. सोमवारी उठती ती हसत. तिला ठावंच नसतं.”

कालिंदीला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. रविवारी संध्याकाळी आठवडाभराच्या सगळ्या धड्यांची उजळणी असायची आणि रविवारची रात्र ही झोपमास्तरची मोठी रात्र. सगळे आवाज एकामागोमाग, पहाटेपर्यंत. गणित आत जाई, भूगोल आत जाई. आईचा फोन, आज्याचं मरण, त्यावर रडलेलं रडू दाराबाहेर राही. त्याला आवाज लावलेला नव्हता.

“मग तुम्ही सांगत का नाही तिला? सोमवारी, मंगळवारी?”

“मॅडम नगं म्हणल्यात. मधीच आठवण दिली तर नोंदी बिघडत्यात म्हणं.”

जमिनीवर पडलेल्या फोनमधून अजून आवाज येत होता. कालिंदीने तो उचलला. सारिकाला वाटलं चंद्रामावशी आहेत. ती विचारत होती, “मावशी, पुढल्या रविवारी काय सांगू? म्हातारा झोपलाय म्हणू? दर आठवड्याला त्याला नव्यानं मारायचं, माज्यानं न्हाय हुत आता.”

कालिंदीने आपण कोण आहोत एवढं सांगितलं आणि पोरीची रिबीन बांधून दिली.

---

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. बोंद्रेबाईंना सगळं माहीत होतं. बाणाईचं नाव नव्हतं माहीत, तिचा क्रमांक माहीत होता. शोकाच्या आठवणीसुद्धा आवाजाने मागे सारता येतात, हे त्यांच्या कामातलं अनपेक्षित आणि मोलाचं निरीक्षण होतं. पुढेमागे मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांना त्याचा उपयोग होईल, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

“तिच्या आज्याचं मरण तुम्ही वापरताय.”

“मी त्याला मारलं नाही, शेंडेताई. आणि त्या मुलीला विचारलंय आम्ही. कधीही बाहेर पडायची मुभा आहे. इतक्या महिन्यांत एकही मुलगी नाही म्हणालेली नाही.”

“त्यांना नाही म्हणता येतं का, ते बघितलंत?”

बोंद्रेबाईंनी चष्मा काढला. “तुम्हाला मुलगा आहे ना? त्याला गणिताचा क्लास लावलात, तेव्हा विचारलं होतंत? ही मुलगी गेल्या वर्षी नापास होत होती. तिच्या आत्याचं पंधराव्या वर्षी लग्न लावलं. मी तिला डॉक्टर होण्याच्या वाटेवर आणून ठेवलंय. तुम्ही तिला काय देणार आहात? रडू?”

एसटीत बसल्यावर कालिंदीला उत्तरं सुचली, जशी सगळ्यांना सुचतात. क्लासला जाऊन तिचा मुलगा क्रिकेट विसरला नव्हता, आईशी भांडण विसरला नव्हता. क्लास आवडला नाही म्हणून तो सायकल घेऊन पळून गेला होता, आणि पळून जाता आलं हीच त्याची संमती होती. या मुली पळून कुठे जातील? आईबापांचा पत्ता रोज दहा मैल पुढे सरकतो. वाटेत उजाड माळावर मेंढरांचा एक कळप दिसला. प्रत्येक मेंढीच्या गळ्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. कुठली मेंढी कुठे चरते, किती पाणी पिते, सगळं मालकाच्या फोनवर. मेंढीला लस टोचायची तरी डॉक्टर मालकाला फोन करून विचारतो. पोरीच्या डोक्यात हात घालायला मात्र रेक्टरची मान हलली तरी पुरते. तिला असा संताप आला, की कंडक्टरने सुट्टे मागितले तर ती त्याच्यावरच खेकसली.

---

मुदतवाढीची बैठक वसतिगृहातच भरणार होती. कालिंदीचं ठरलं होतं. सगळ्यांसमोर बाणाईला उभं करायचं. तिला आज्याबद्दल विचारायचं. केळसकरांसारखा माणूसही सही करताना थांबेल. याहून मोठा पुरावा कुठला?

बैठकीच्या सकाळी ती लवकर पोचली आणि बाणाईला घेऊन मागच्या लिंबाखाली बसली. तिने तिला सगळं सांगितलं. पट्टी काय करते, रविवार कुठे जातो, आजा गेल्याचं तिला किती वेळा कळलं आणि किती वेळा पुसलं गेलं. कुणीतरी तिला हे सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. मुलगी आधी ऐकत राहिली, मग रडली, मग गुडघ्यावरची खपली काढत बसली.

“हे तू त्या साहेबांना सांगशील ना, बाळा?”

“हो, मॅडम.”

चटकन आलं ते उत्तर. शेवट किंचित ओढलेला. हे तर तेच. कालिंदीनेही ‘ना’ लावूनच विचारलं होतं, आणि मुलीने आपला चेहरा पुसून मॅडमला हवं ते देऊन टाकलं होतं.

ती बाणाईकडे वळून बसली. मग म्हणाली, “हे बघ बाणाई, मी पुन्हा विचारते. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. सरांना सांगणार नाही. तुझा नवा फ्रॉक तुला मिळणारच आहे. आणि लगेच बोलू नकोस. सांगायचंय का तुला?”

लिंबाची पानं गळत होती. मुलीने एक पान उचललं, त्याचे दाते एकेक करून तोडले. पान संपलं, तिने दुसरं घेतलं.

“न्हाई,” ती म्हणाली. अगदी हळू, जणू तो शब्द जिभेवर ठेवून चव बघत होती. “आज्याचं समद्यांम्होरं न्हाई बोलायचं मला.”

कालिंदीला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळा डाव या एका पोरीवर होता. राज्यभरातल्या मुली एका बाजूला आणि हिचा लाजरेपणा दुसऱ्या बाजूला. थोडं समजावलं तर ती ऐकेल, हेही तिला दिसत होतं. चार गोड शब्द, एक चॉकलेट. बोंद्रेबाई तरी याहून वेगळं काय करत होत्या? त्यांचंही काम चांगलंच होतं, त्यांच्या मते.

“बरं,” ती म्हणाली. “नाही तर नाही. जा, हातपाय धू.”

बाणाई जागची हलली नाही. आपल्या ‘नाही’चं पुढे काय होतं, ते तिला बघायचं होतं. काहीच वाईट झालं नाही, तशी ती उठली आणि पळाली.

---

सभागृहात मुली पुन्हा रांगांनी बसल्या. केळसकरांनी घसा साफ करून विचारलं, की मुलींनो, हा अभ्यास असाच पुढे चालू ठेवायला तुम्हाला आवडेल ना?

“होऽऽ सर.”

“झालं तर मग,” असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कालिंदी उठून उभी राहिली. मला एक विचारायचंय मुलींना, म्हणाली. केळसकरांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. ती मुलींसमोर गेली, जगदाळे सरांसारखे हात मागे बांधले, आवाजात गोडवा आणला.

“मुलींनो, आज नाश्त्याला दगडांची भाजी होती. छान लागली ना?”

“होऽऽ मॅडम.”

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू रांगारांगांतून पुढे पसरलं. मुली तोंडावर हात धरून एकमेकींना ढोसू लागल्या. जगदाळे सर लाल झाले. केळसकरांचं पेन तसंच हातात राहिलं.

कालिंदीच्या ओठांवर दुसरा प्रश्न तयार होता. उद्यापासून रविवारचा फोन बंद, चालेल ना? त्यालाही ‘होऽऽ’च आलं असतं, आणि मग ज्या शांततेत मुलींना कळलं असतं, की आपण काय म्हणालो, त्या शांततेने ही खोली जिंकता आली असती. तिने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आणि तो प्रश्न गिळला. पोरींवर आणखी एक प्रयोग करायला ती आली नव्हती.

“ही तुमची संमती,” ती समितीकडे वळून म्हणाली. “दगडांना मिळाली तीच. या पोरींना पहिलीपासून आपणच शिकवलंय, की मोठ्यांनी विचारलं की हो म्हणायचं. आणि आता तेच ‘हो’ त्यांच्याच गळ्यात बांधताय. एकेकीला वेगळं बसवा. तिच्या बोलीत बोलणारं माणूस द्या. रविवार जातो, हे आधी सांगा. फोनवर तिच्या आईला पण सांगा. नाही म्हटलं तर जेवण बंद होत नाही, हे सांगा. मग विचारा. तोपर्यंत माझी सही नाही.”

केळसकर म्हणाले, की याला फार वेळ लागेल. ती म्हणाली, लागू दे. बोंद्रेबाईंनी सांगितलं, की मध्ये खंड पडला तर इतक्या महिन्यांची मोजणी वाया जाईल. त्यांचा आवाज कापत होता. तो खोटा नव्हता, हेच कालिंदीला सगळ्यात वाईट वाटलं.

“मॅडम, तुम्ही मला विचारलं होतं, मी हिला काय देणार. दुःख तिचं आहे. मी द्यायचं नाही आणि तुम्ही काढायचं नाही.”

सामान्य नागरिकाच्या सहीशिवाय ठराव होत नव्हता. चहा देणाऱ्या शिपायाला न दिसणारं ते माणूस नियमाला मात्र दिसत होतं. पट्ट्या कपाटात गेल्या.

एकेकीला विचारायचं काम पुढे बरेच दिवस चाललं. सगळ्या काही नाही म्हणाल्या नाहीत. मनगटावर फोड आलेली ती मुलगी तर ठामपणे म्हणाली, की मला पायजे पट्टी, मला स्कॉलरशिपला बसायचंय, फक्त रविवारी नको. ते उत्तर कालिंदीला आवडलं नाही, पण ऐकावं लागलं. बऱ्याच मुली आधी ‘हो’ म्हणाल्या, मग थांबून विचारलं, की खरंच नाही म्हटलं तर चालतं का, आणि मग ‘न्हाई’ म्हणाल्या. संस्थेने नंतर वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की मुलांच्या सहभागातून आम्ही संमतीची नवी, संवेदनशील पद्धत विकसित केली आहे. त्यात बोंद्रेबाईंचा फोटो होता, केळसकरांचा होता, जगदाळे सर तर दोनदा होते. कालिंदीने तो कागद खडूने आखून त्यातून ब्लाउजच्या कटोरीचा नमुना कापला.

पण ते सगळं पुढचं. लिंबाखाली ऐकलेलं खरं का, ते आईच्या तोंडून ऐकायचं म्हणून बैठकीनंतरच्या रविवारी बाणाईने पुन्हा विचारलं, आणि आईने परत तेच सांगितलं. मुलगी तशीच रडली आणि त्या रात्री बिनपट्टीची झोपली. त्याच्या पुढच्या रविवारी कालिंदी नवे फ्रॉक घेऊन वसतिगृहात गेली, तेव्हा व्हरांड्यात फोन चालू होते. बाणाईची पाळी आली. कालिंदी आणि चंद्रामावशी, दोघींनीही हातातलं काम थांबवलं.

मुलीने फोन कानाला लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. पलीकडून सारिकाचा दबकलेला आवाज आला, बाणे, बोल की. त्या आवाजात भीती होती. दर रविवारसारखा तो प्रश्न आता येईल, याची.

“आये,” बाणाई म्हणाली, “आज्याची काठी कुणाकडं हाय?”

मेंढरांच्या घंटा वाजत राहिल्या.

“हाय. हाय गं माज्याकडं.”

“ती कुणाला दिऊ नगं. म्या आल्यावर मला पायजे.”

मग पलीकडे सारिका रडू लागली. बाणाईने फोन दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्या माणसासारखी तिला म्हणाली, रडू नगं आये, आजा गेलाय, मला ठावं हाय.